गच्चीतल्या ड्रमात चंदन: सोबतीला काय लावू?

गच्चीवाली

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची इच्छा आहे की देवाला गंध लावायचं ते घरच्या चंदनाचं. म्हणून मागच्या पावसाळ्यात हडपसरकडच्या एका रोपवाटिकेतून पांढऱ्या चंदनाचं रोप आणलं. आम्ही कोथरूडला राहतो, गच्ची आमच्याच मालकीची, ऊन भरपूर. अर्धा कापलेला निळा ड्रम, खाली भोकं, लाल माती, वाळू, कुजलेलं शेणखत. दिवाळीपर्यंत रोप छान होतं. मग पानं पिवळी पडायला लागली, नवी पालवी येते ती नखाएवढी, आणि शेंडा जागच्या जागी. रोपवाटिकावाले म्हणतात पाणी कमी करा. बहीण म्हणते पाणी वाढवा. जावेने गांडूळखत दिलं, तेही घातलं. ढिम्म.

परवा कुणीतरी म्हणालं की चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांवर जगतं, एकटं ठेवलं की झुरतं. हे खरं का? खरं असेल तर ड्रममध्ये सोबतीला काय लावायचं? प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा, गूगल मलाही येतं.

सदाशिवपेठी

ताई, सासऱ्यांचं वय काय? रोप लावल्यापासून खोडात वास धरायलाच दहा-पंधरा वर्षं. विचारलं, रागावू नका.

गच्चीवाली

७८. आणि ठणठणीत आहेत. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर म्हणाले, "त्याला सांग, मी थांबतो."

वनस्पतीवेडा

जे ऐकलंत ते अगदी खरं. चंदन म्हणजे सँटालम आल्बम, हे अर्धपरजीवी झाड आहे. पानं हिरवी असतात, उन्हात स्वतःचं अन्न स्वतः बनवतं. पण त्याच्या मुळांवर बारीक घुंड्यांसारखी शोषकं फुटतात, ती शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटतात, आत शिरतात आणि पाणी, नत्र, स्फुरद वगैरे तिथून ओढून घेतात. वरून बघणाऱ्याला काही पत्ता लागत नाही, सगळा कारभार जमिनीखाली. म्हणूनच हे उशिरा लक्षात आलं. हजारो वर्षं माणूस चंदन उगाळतोय, पण ते मुळांवरचं परजीवी आहे हे १८७१ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात जॉन स्कॉट यांनी दाखवलं. पुढे १९०६-०७ च्या सुमारास बार्बर यांनी या शोषकांचा बारकाईने अभ्यास केला.

बियातून आलेलं रोप सुरुवातीला बियातल्या शिदोरीवर चालतं. काही महिने, कधीकधी वर्षभरसुद्धा. शिदोरी संपली की तुम्ही वर्णन केलंत ते सुरू होतं: पिवळेपणा, बारीक पानं, थांबलेला शेंडा. खताने हे सुटत नाही, कारण खताची कमतरता हे मूळ दुखणंच नाही.

एक विचारतो. रोप आणलं तेव्हा पिशवीत त्याच्या शेजारी आणखी काही उगवलेलं होतं का?

गच्चीवाली

होतं! लालसर पानांचं, जमिनीलगत पसरलेलं काहीतरी. सासऱ्यांनी तण समजून उपटून टाकलं आणि पिशवी स्वच्छ केली.

वनस्पतीवेडा

तोच त्याचा यजमान होता, म्हणजे ज्याच्या मुळांवर ते जगत होतं ते झाड. चांगल्या रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत मुद्दाम अल्टरनँथेरा लावतात. बागेच्या कडेला लाल-हिरवी बॉर्डर करतात ना, तीच. विकताना सांगायला हवं होतं त्यांनी. जास्त काळजी करू नका, शेंडा जिवंत असेल तर रोप परत उठतं.

सदाशिवपेठी

म्हणजे आजवर आपण ऐकत आलो की चंदन दुसऱ्यासाठी झिजतं. आणि आता कळतंय की ते शेजाऱ्याच्या नळाला पाइप लावून बसलंय. आमच्या सोसायटीचे चेअरमन डोळ्यांसमोर आले.

शांभवी_कर्वेनगर

आमच्याकडे चंदन तुळशीबरोबर आहे आणि मस्त वाढतंय. तुळस लावा, देवाचीही सोय.

मातीतलामाणूस

तुळस चालते पण टिकत नाही हो ताई. तुळशीचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, वर चंदनाने तिचं पाणी ओढायला सुरुवात केली की आणखी लवकर आटपते. तोवर चंदनाला सोबतीची सवय लागलेली असते, मग पुन्हा तेच पिवळं.

मी बारामतीकडचा. बांधावर चंदन आहे आमच्या. आम्ही काय केलं ते सांगतो. पहिल्या पावसाला खड्ड्याभोवती तूर टोकली. तूर वितभर झाल्यावर चंदनाचं रोप लावलं. तूर द्विदल आहे, तिच्या मुळावर नत्राच्या गाठी असतात, चंदनाला ती फार मानवते. पण तूर लई माजते. चंदनाच्या डोक्यावर सावली धरायला लागली की शेंडे खुडायचे. चंदनाला लहानपणी थोडी सावली चालते, नंतर ऊन पाहिजे. तूर वर्ष-दीड वर्षात संपते, म्हणून तेवढ्यात कायमचा सोबती उभा राहिला पाहिजे. आम्ही करंज आणि सुरू लावले, चंदनापासून पाच-सहा फुटांवर. काहीजण डाळिंब, आवळा लावतात, म्हणजे मधल्या काळात चार पैसे मिळतात.

ड्रमात करंज कसा बसणार ते मात्र मला सांगता येणार नाही. तिथं शहरातल्यांनी बोलावं.

टेरेसवाला_बाणेर

शहरातला बोलतो. माझ्याकडे चंदन मोठ्या सिमेंटच्या कुंडीत आहे. दोन फूट खोल. सोबतीला अल्टरनँथेरा कायम, आणि एका बाजूला कढीपत्ता. कढीपत्ता छाटत राहायचा, घरात लागतोच. पाणी साचू द्यायचं नाही, चंदनाला ओले पाय अजिबात खपत नाहीत. उन्हाळ्यात मात्र रोज, कारण कुंडीत एकाच पाण्यावर दोघं जगतात.

एक स्पष्ट सांगतो, कुंडीतल्या चंदनाला गाभा, म्हणजे खोडाच्या आतलं वासाचं लाकूड, धरण्याची आशा ठेवू नका. झाड दिसायला सुंदर होईल, फुलं येतील, काळी फळं येतील, बुलबुल येतील. गंध उगाळण्याइतकं खोड? नाही.

गच्चीवाली

हे सासऱ्यांना वाचून दाखवत नाहीये.

मुक्ता_लॉ_कॉलेज_रोड

कुणी कायद्याचं का बोलत नाहीये? चंदन लावायला सरकारची परवानगी लागते ना? आमच्या शेजाऱ्यांना कुणीतरी सांगितलं की चंदनाचं झाड सरकारचं असतं.

वकीलकाका

जुन्या म्हैसूर राज्यातून आलेली समजूत आहे ती. १७९२ साली टिपू सुलतानाने चंदन 'राजवृक्ष' ठरवलं, म्हणजे झाड कुणाच्याही जमिनीत असो, मालकी राज्याची. तीच प्रथा कर्नाटकात पुढे दीर्घकाळ चालू राहिली. परिणाम असा की शेतकरी स्वतःच्या रानात आपोआप उगवलेलं चंदनाचं रोप गुपचूप उपटून टाकायचा, कारण झाड सरकारचं आणि चोरी झाली तर चौकशी याची. २००१ मध्ये कर्नाटकाने आणि २००२ मध्ये तामिळनाडूने कायद्यात बदल केले, तेव्हा लावणाऱ्याला मालकी मिळाली.

आपल्याकडे स्वतःच्या जागेत चंदन लावायला बंदी नाही. तोडायचं म्हटलं की मात्र परवानगी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात जी झाडं यादीत आहेत त्यांत साग, खैर, आंबा, मोह यांच्याबरोबर चंदनही आहे. शहरात याशिवाय १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्ष जतनाचा कायदा, म्हणजे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज. लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना. शेतात लावत असाल तर सातबाऱ्यावर नोंद करून ठेवा, पुढे झाडं आपणच लावली हे सिद्ध करायला बरं पडतं.

सदाशिवपेठी

परवानग्या सभ्य माणसांना. चोरांना कुठला अर्ज लागतो? डेक्कन, प्रभात रोड, एरंडवणे, तिकडच्या जुन्या बंगल्यांतून चंदन गेल्याची बातमी वर्षात किती वेळा वाचतो आपण? आमच्या मामांच्या आवारातलं गेलं. रात्री कापलं, सकाळी फक्त बुंधा आणि भुसा. त्यानंतर मामांनी फाटकावर पाटी लावली: "येथील चंदनाचे झाड चोरीस गेलेले आहे. कृपया पुन्हा श्रम घेऊ नयेत."

शांभवी_कर्वेनगर

😂😂 पाटीचा फोटो टाका ना.

सदाशिवपेठी

पाटीही गेली. पितळी होती.

टेकडीभटक्या

वेताळ टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांना चंदनाचे बुंधे नवीन नाहीत. चोर आधी खोडाला भोक पाडून बघतात, आत गाभा धरलाय की नाही. नसेल तर ते झाड राहतं, पण जखम घेऊन. बारक्या झाडांवर अशी भोकं दिसतात. वास फक्त गाभ्याच्या लाकडाला आणि मुळांना, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला नाही, पानाफुलांनाही नाही. मुळांत तेल जास्त, म्हणून रीतसर काढणी करणारे झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. चोरांना तेवढा वेळ नसतो, ते कापतात.

आणि एक. टेकडीवर, जुन्या कुंपणांच्या आत, करंजाखाली, बाभळीखाली चंदनाची रोपं आपोआप उगवलेली दिसतात. बुलबुल, कोकीळ फळं खातात आणि दुसऱ्या झाडावर बसून बी टाकतात. म्हणजे बी पडतं तेच यजमानाच्या पायाशी. कुणी कृपा करून ही रोपं खणून घरी नेऊ नका. मुळं यजमानाला चिकटलेली असतात, उपटलं की शोषकं तुटतात, रोप बहुधा जगत नाही. आणि टेकडीवरून काहीही उपटून आणणं हा मुळात चावटपणा आहे.

नवखाबागवान

माझ्याकडे रक्तचंदन आहे. त्यालापण सोबती लागतो का? बिया लालभडक येतात.

वनस्पतीवेडा

रक्तचंदन हे वेगळंच झाड. टेरोकार्पस सँटालिनस, शिंबावंत कुळातलं, म्हणजे तुरीच्या नात्यातलं. आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरात मूळचं. परजीवी नाही, आपल्या पायावर उभं असतं. पण तुम्ही लालभडक बिया म्हणताय, त्यावरून तुमचं झाड रक्तचंदनही नाही, बहुतेक रतनगुंज आहे. शेंगा पिळवटून उघडतात आणि आत चकचकीत लाल बिया? रक्तचंदनाची शेंग चपटी, गोल, पापडासारखी असते आणि ती तशी फुटत नाही.

नवखाबागवान

शेंगा पिळवटलेल्याच आहेत. रक्तचंदनाचे पैसे दिलेत मी.

सदाशिवपेठी

रतनगुंजेच्या बिया पूर्वी सोनार तोलायला वापरायचे. सोन्याच्या भावात घेतलंत, ठीकच झालं.

आंबेवाली_आजी

परजीवीचं चाललंय म्हणून विचारते. आमच्या बिबवेवाडीच्या आवारात आंब्याला बांडगूळ झालंय. जाड पानं, लांबट नारिंगी फुलं. माळी म्हणतो पूर्ण झाड उतरवू. आंबा माझ्या लग्नाच्या वेळचा आहे. काय करू?

वनस्पतीवेडा

आजी, पूर्ण झाड मुळीच उतरवू देऊ नका. बांडगूळ जिथे फांदीत घुसलंय तिथून एक-दीड फूट मागे, म्हणजे खोडाच्या बाजूला, फांदी कापायची. नुसतं बांडगूळ ओरबाडून काढलं तर त्याचा आत शिरलेला भाग पुन्हा फुटतो. पावसाळ्यानंतर, फळं धरायच्या आधी करा. कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

बांडगुळाचं बी एका चिकट गरात असतं. छोटे पक्षी फळ खातात, बी चिकट असल्यामुळे सहज सुटत नाही, मग ते फांदीवर घासून काढतात, आणि तेच नवं बांडगूळ. त्यामुळे यंदा काढलंत तरी दर दोन-तीन वर्षांनी नजर ठेवावी लागेल.

पंखवाली

आजी, थोडं राहू द्या हो. हळदीकुंकू फुलपाखरू माहितीये ना, पिवळ्यावर लाल ठिपके असलेलं? त्याच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवर वाढतात. पुण्यात हळदीकुंकू एवढं दिसतं त्याला हे आंब्यांवरचं बांडगूळच कारण. शिंजीर पक्षी त्या नारिंगी फुलांवर तुटून पडतात. एखादी बाजूची फांदी ठेवा त्यांच्यासाठी.

आंबेवाली_आजी

हळदीकुंकू येतात खऱ्या खिडकीशी, दुपारी. बरं, रस्त्याकडची फांदी ठेवते. घराकडच्या कापायला लावते.

टेकडीभटक्या

बांडगुळाला पण बांडगूळ असतं बरं का. सह्याद्रीत व्हिस्कम नावाचं दुसरं एक बांडगूळ आहे, ते आंब्याच्या बांडगुळावर वाढतं. आंब्याचं ते पितं, त्याचं हे पितं.

सदाशिवपेठी

चोरावर मोर. आता त्याच्यावर कोण ते सांगू नका, जेवायचं राहिलंय.

नवखाबागवान

अवांतर: आमच्या सोसायटीच्या दुरांटाच्या कुंपणावर पिवळ्या शेवयांसारखं जाळं आलंय. माळी म्हणतो अमरवेल, शुभ असते.

मातीतलामाणूस

शुभ कुणाला, वेलीला? ती आजच काढा. अमरवेलीला जमिनीत मूळ राहत नाही, पानं नाहीत, सगळं कुंपणाच्या रसावर. एक इंचाचा तुकडा राहिला तरी त्यातून पुन्हा पसरते. म्हणून वेल ओढत बसू नका, वेलीसकट कुंपणाच्या फांद्या कापा, पिशवीत भरा, तिथल्या तिथे पाडू नका, कंपोस्टात तर नकोच. फुलावर येण्याआधी करा, नाहीतर बी पडतं आणि ते जमिनीत बरीच वर्षं दम धरून राहतं.

ज्वारीतला टारफुला याच्या वरचढ. छोटं, पांढऱ्या फुलांचं रोपटं, दिसायला गरीब. ते वर दिसेपर्यंत खाली ज्वारीच्या मुळातून काम झालेलं असतं. त्याचं बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारो. आमचे वडील टारफुल्याच्या रानात एक-दोन वर्षं ज्वारी करायचे नाहीत, भुईमूग किंवा कापूस करायचे.

वनस्पतीवेडा

तुमच्या वडिलांनी जे केलं त्याच्यामागे विलक्षण रसायन आहे. टारफुल्याचं बी आपल्या मनाने उगवत नाही. जवळच्या मुळातून एक विशिष्ट द्रव्य पाझरलं की त्याला कळतं यजमान आला, आणि मगच ते रुजतं. हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते १९६६ साली, आणि तेही कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला जगू शकत नाही. म्हणजे कापूस लावला की बी फसून रुजतं आणि खायला न मिळून मरतं. रान साफ होत जातं.

मातीतलामाणूस

वडिलांना एवढंच माहीत होतं की कापसानंतर ज्वारी चांगली येते.

रॅफ्लेशियाप्रेमी

हे सगळं ठीक, पण मला रॅफ्लेशिया लावायचाय. जगातलं सगळ्यात मोठं फूल, तेही परजीवीच आहे ना? पुण्यात बी कुठे मिळेल? बजेट आहे.

वनस्पतीवेडा

बजेट राहू द्या. रॅफ्लेशियाला खोड नाही, पान नाही, मूळ नाही. तो टेट्रास्टिग्मा नावाच्या द्राक्षकुळातल्या वेलीच्या आत धाग्यांसारखा पसरतो आणि बाहेर येतं ते फक्त फूल, काही जातींत मीटरभर रुंद, सडक्या मांसाच्या वासाचं. सुमात्रा, बोर्निओ, फिलिपाइन्सकडचं हे झाड. युरोपीयांना हे १८१८ साली सुमात्रात दिसलं, रॅफल्स यांच्या मोहिमेत डॉ. जोसेफ अर्नॉल्ड होते, त्या दोघांची नावं मिळून रॅफ्लेशिया अर्नॉल्डी. त्याच्या मूळ जंगलाबाहेर तो वाढवण्यात यश जवळजवळ नाहीच. इंडोनेशियातल्या बोगोर उद्यानाला २०१० मध्ये एका जातीचं फूल आणता आलं, तेही संसर्ग झालेली वेल कलम करून. बियांतून आणणं हे आजही फार अवघड काम.

आपल्या देशात त्याचा एक नातेवाईक आहे, साप्रिया. लाल, पिवळे ठिपके, ईशान्येकडच्या जंगलात. तिथे जाऊन बघा, लावू नका.

टेकडीभटक्या

एवढ्या लांब कशाला, पावसाळ्यात कासला जा. गवताच्या मुळांवर 'तपकीर' उगवते. पान नाही, हिरवा कण नाही, नुसता देठ आणि वर वाकलेलं जांभळट फूल. सिंहगडाच्या बाजूलाही दिसते. पाय बघून टाका, म्हणजे झालं.

रॅफ्लेशियाप्रेमी

बघतो. पण गच्चीत लावण्याजोगं काहीच नाही का?

टेरेसवाला_बाणेर

आहे ना. चंदन. धागा त्याचाच आहे.

गच्चीवाली

धन्यवाद, मला वाटलं सगळे विसरले. तर, तुमचं सगळं ऐकून ड्रमच्या कडेने अल्टरनँथेराच्या काड्या खोचल्या, शेजारच्या काकूंच्या कुंडीतून मागून आणल्या. एका बाजूला तुरीचे चार दाणे टोकले. खत बंद. तूर लगेच वर आली. चंदनात अजून काही फरक नाही, पण पिवळेपणा वाढलेलाही नाही.

सासरे विचारतात, तूर किती येईल?

सदाशिवपेठी

चार दाण्यांवर? बाजारात तुरी…

वनस्पतीवेडा

फरक लगेच दिसत नाही, शोषकं जुळायला वेळ लागतो. ड्रम हलवू नका, माती उकरू नका. अल्टरनँथेरा दाट झाली की कात्रीने वरून छाटा, मुळासकट काढू नका. तूर एकच जोमदार ठेवा, बाकी जमिनीलगत कापा. चारही ठेवल्यात तर ड्रम तुरीचा होईल. आणि मातीवर तणनाशक चुकूनसुद्धा नको.

कायमचा सोबती म्हणून कढीपत्ता ठीक वाटतो मला. डाळिंबही चालेल. घाणेरी किंवा कण्हेर कुणी सुचवेल, घरात लहान मुलं असतील तर टाळा.

शांभवी_कर्वेनगर

माझी तुळस वाळायला लागलीये. मातीतलामाणूस दादा, तुम्ही म्हणालात तसंच होतंय.

मातीतलामाणूस

तुळशीला दुसरं वृंदावन करा. चंदनाला कढीपत्ता द्या. दोघींचं सुटेल.

बंगलोरी_पुणेकर

उशिरा लिहितोय. इथे बंगळुरूला लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत चंदनावर बरंच काम चालतं. बियांपासून करायचं असेल त्यांच्यासाठी: ताजं बी लगेच रुजत नाही, साधारण दोन महिने त्याला सुप्तावस्था असते. फळाचा गर धुऊन सावलीत वाळवायचं, मग जिबरेलिक आम्लाच्या (बी रुजायला मदत करणारं संप्रेरक) ५०० पीपीएम द्रावणात रात्रभर भिजवून वाळूच्या वाफ्यात पेरायचं. दोन ते चार पानांवर पिशवीत, आणि पिशवीत पहिल्या दिवसापासून यजमान.

शेतकऱ्यांना सांगणं: "एकरी कोटी" म्हणणाऱ्या जाहिरातींवर जमीन लावू नका. झाड जगणं, गाभा धरणं, चोरांपासून राखणं, या तिन्ही पायऱ्या पार झाल्या तर पैसा. कर्नाटकात स्पाइक रोगानेही झाडं गेली आहेत, १८९९ पासून त्याची नोंद आहे. पानं बारीक होऊन झुबके येतात आणि झाड दोन-तीन वर्षांत जातं.

गच्चीवाली

अय्या, माझीही पानं बारीक आहेत!

बंगलोरी_पुणेकर

तुमची पानं भुकेने बारीक आहेत ताई. स्पाइकमध्ये शेंड्याला ताठ, काट्यासारखे दाट झुबके येतात. फोटो टाका, सांगतो.

गच्चीवाली

(फोटो) हा बघा. खालून तिसऱ्या पेरावर नवीन फुटवा आलाय, पान पहिल्यापेक्षा मोठं आहे.

वनस्पतीवेडा

स्पाइक नाही. फुटवा चांगला हिरवा आहे. जुळलंय.

मुळशीचा_प्लॉट

माझी मुळशीकडे थोडी जागा आहे. पाऊस प्रचंड. तिथे चंदन जमेल का?

मातीतलामाणूस

मुळशीत पाणी तुंबत असेल तर नको. उताराची, निचऱ्याची जागा असेल तर बघा, आणि खड्ड्यात नाही, उंचवट्यावर लावा. जून लागला की आधी तूर टोका, चंदन तुरीच्या मागून. सोबत करंज. आणि राखायला माणूस असेल तरच, नाहीतर सदाशिवपेठींच्या मामांची पाटी मागून घ्या.

सदाशिवपेठी

पाटी गेलीये सांगितलं ना. यंदा लाकडी करतोय. सागाची नाही.